उतारावरही न निवणारा गिअरबॉक्स: ट्रेलर ओढणाऱ्या एका पिकअपचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी डबल केबिनची पिकअप. पेट्रोल इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मागे दोन आसांचा ट्रेलर आणि त्यावर खोदकामाचं छोटं यंत्र. दोन्ही मिळून वजन सव्वातीन टनांच्या आसपास. गाडीच्या मर्यादेत बसणारं, पण फारशी मोकळीक न ठेवणारं. मालक स्वतःच चालवतात, आठवड्याला दोन-तीन खेपा, आणि वाटेत सहा-सात किलोमीटरची एक सलग चढण ठरलेली.

साधारण वर्षभरापूर्वी त्यांनी गाडीला मोठे टायर घातले. मूळचा व्यास ८० सेंटीमीटर, नवे ८७. त्यानंतर काही महिन्यांनी फोनला जोडायचा छोटा स्कॅनर घेतला. डॅशबोर्डवर कधीच न दिसलेला गिअरबॉक्स ऑइलचा आकडा पहिल्यांदा डोळ्यांसमोर आला, आणि चढणीवर तो १०८ अंश सेल्सियस होता. त्यांनी घाबरून एका गॅरेजमध्ये जादा ऑइल कूलर बसवून घेतला. पहिले तीन आठवडे आकडा १०० च्या आत राहिला. मग ११०, ११८ असा चढत गेला, आणि एके दिवशी १२७ ला इशाऱ्याचा दिवा लागून गाडीची ताकद आपोआप कमी झाली.

त्याच गॅरेजने ऑइल आणि फिल्टर बदलला, तरी फरक पडला नाही. शेवटी सांगितलं, "कन्व्हर्टर गेलाय, बॉक्स उघडावा लागेल." कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग. हे सगळं सांगून मालक मला म्हणाले, "उघडायचा असेल तर उघडा, पण आधी तुम्ही एकदा बघा."

अडचण नेमकी काय

स्कॅनरमध्ये पी ०२१८ हा कोड साठलेला होता. गिअरबॉक्सचं ऑइल ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तापलं, एवढंच तो सांगतो. का तापलं, त्याबद्दल अवाक्षर नाही. लॉकअप क्लचचा (कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू थेट जोडणारा क्लच) पी ०७४१ किंवा तापमानाच्या सेन्सरचा पी ०७११ यांपैकी काही नव्हतं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल ८० ते ९५ अंशांत सुखात असतं. १२० च्या पुढे त्याचं ऑक्सिडेशन झपाट्याने होतं, लाखेसारखा थर धरू लागतो, आणि आणखी वर गेल्यावर रबरी सील कडक होतात. दर १० अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं, असा या धंद्यातला ढोबळ हिशोब आहे. त्या हिशोबाने पहिला १०८ हा आकडा ओझं घेऊन चढताना चिंतेचा असला तरी अनर्थाचा नव्हता. १२७ मात्र होता.

मी अशा तक्रारीकडे उष्णतेचा जमाखर्च म्हणून बघतो. एक तर जास्त उष्णता तयार होतेय, नाही तर तयार झालेली बाहेर जात नाहीये. बॉक्स उघडायचा की नाही हे या एका प्रश्नावर ठरतं, कारण कूलरपर्यंतची नळी तुंबली असेल तर नवा कन्व्हर्टरही तसाच भाजणार.

आकडा खरा आहे का?

गाडी रात्रभर उभी ठेवली. सकाळी स्टार्टर मारण्याआधी स्कॅनरवर गिअरबॉक्स २४, कूलंट २४, आत येणारी हवा २५. सेन्सर सरळ बोलत होता. या गाडीत तो ऑइलच्या चेंबरमध्ये आहे. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या लाइनवर सेन्सर असलेल्या गाड्यांत आकडा सहजच वर दिसतो, त्यामुळे दोन वेगळ्या गाड्यांचे आकडे शेजारी ठेवून घाबरण्यात अर्थ नाही.

ऑइलची पातळी ठरलेल्या तापमानाला बरोबर निघाली. रंग तपकिरीकडे झुकलेला, वास किंचित करपलेला. ट्रेलरचे ब्रेक घासत असतील तर तेही ओझंच, म्हणून थोडं चालवून चारही हब मोजले. ४० ते ४४ च्या दरम्यान. तो संशय तिथेच मिटला.

रस्त्यावरची चाचणी

ट्रेलर जोडून त्याच चढणीवर गेलो. इंजिनचे फेरे, कन्व्हर्टरच्या पलीकडच्या टर्बाइनचे फेरे, लॉकअपचा हुकूम, गिअर, ऑइल आणि कूलंट या सगळ्याची नोंद स्कॅनरवर चालू ठेवली.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची बाजू आणि गिअरबॉक्सची बाजू यांच्यामध्ये फक्त ऑइल असतं. दोन्ही बाजूंच्या फेऱ्यांत जेवढा फरक, तेवढी घसरण, आणि घसरण म्हणजे उष्णता. लॉकअप क्लच लागला की दोन्ही बाजू एकत्र फिरतात आणि ही उष्णता जवळजवळ थांबते.

चढणीवर गाडी पाचव्या आणि चौथ्या गिअरमध्ये सतत येरझारा घालत होती. मी अकरा वेळा मोजलं. दर वेळी लॉकअप सुटायचा आणि फेऱ्यांतला फरक २५० ते ३५० वर जायचा. इंजिन ३०० न्यूटन मीटर जोर देतंय आणि फरक ३०० फेऱ्यांचा आहे असं धरलं, तर ९ किलोवॉटच्या वर उष्णता नुसत्या ऑइलमध्ये जाते. खोली उबदार करणारे नऊ हीटर चेंबरमध्ये सोडल्यासारखं.

मात्र लॉकअप लागला की फरक २० च्या खाली यायचा आणि तिथेच टिकायचा. हाताने चौथा गिअर धरून ठेवला तर लॉकअप सुटतच नव्हता. म्हणजे लॉकअप क्लच धडधाकट होता. "कन्व्हर्टर गेलाय" या निदानाचा पाया इथेच ढासळला.

माथा ओलांडला. पुढे चार-पाच किलोमीटर हलका उतार आणि सपाटी, लॉकअप पक्का, इंजिन आरामात. आकडा ११९ वर होता. मला वाटलं, पाच-सात मिनिटांत निदान ९५ ला येईल. दहा मिनिटांनी तो ११५ होता.

या प्रकरणात मी सगळ्यात जास्त वेळ याच जागी अडकलो. चढणीवर ऑइल तापतं ते समजण्यासारखं आहे. पण नव्याने उष्णता जवळपास तयारच होत नसताना ते निवत का नाही? इथून माझं लक्ष तापण्यावरून निवण्यावर गेलं.

कोमट पाइपचा चकवा

गाडी परत आणून इंजिन चालू ठेवलं आणि पाइपांचं तापमान घेतलं. चकचकीत धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर धादांत खोटा आकडा दाखवतो, म्हणून आधी पाइपांवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि नेम तिच्यावर धरला. चेंबर ११३. कूलरमधून गिअरबॉक्सकडे परत येणारा पाइप ४६. हात लावला तर नुसता कोमट.

मालकांनी लगेच सांगितलं, "कूलर बसवणाऱ्यानेही हेच दाखवलं होतं. म्हणाला, बघा, पाइप किती गार आहे, कूलर मस्त चाललाय."

खरं सांगायचं तर मीही पाच मिनिटं तसंच समजत होतो. ११३ चं ऑइल ४६ ला परत येतंय, यापेक्षा चांगला कूलर कुठला? पण मग चेंबर का निवत नाही? ऑइल इतकं गार व्हायला ते कूलरमध्ये भरपूर वेळ रेंगाळलं पाहिजे, आणि रेंगाळतं म्हणजे वाहत नाही. कूलर मस्त चालला होता खरा, पण ठिबकणाऱ्या धारेवर.

प्रवाहाची मोजणी

गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन आयडलवर, परतीचा पाइप सोडून त्याचं तोंड मापाच्या भांड्यात. जुना ढोबळ ठोकताळा असा की २० सेकंदांत सुमारे १ लिटर ऑइल यायला हवं. ऑइल भाजण्याइतकं गरम असतं, त्यामुळे जाड हातमोजे हवेत आणि दुसऱ्या माणसाचा हात किल्लीवर हवा. २० सेकंदांच्या वर इंजिन चालवायचं नाही, आणि काढलेलं ऑइल मोजून परत भरायचं.

इथे माझी एक चूक झाली. जेवणानंतर काम पुन्हा हातात घेतलं तोवर ऑइल ५० अंशांपर्यंत उतरलं होतं. भांड्यात जेमतेम ६० मिलिलिटर आलं आणि मी "सापडलं" म्हणून मोकळा झालो. मग आठवलं की या गिअरबॉक्सला थर्मल बायपास व्हॉल्व्ह आहे. ऑइल गार असताना तो कूलरची वाट बंदच ठेवतो, म्हणजे अगदी निरोगी गाडीतही तेवढंच आलं असतं. पुन्हा गाडी चालवून ऑइल ९० च्या वर नेलं आणि परत मोजलं. २४० मिलिलिटर. आता मात्र खरंच सापडलं होतं.

मालकांना मी कागदावर हिशोब मांडून दाखवला. एक लिटर ऑइल १ अंशाने निववायला साधारण १.७ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. आत्ताचा प्रवाह मिनिटाला ०.७२ लिटर आणि तापमानात घट ६७ अंश, म्हणजे बाहेर जाणारी उष्णता १.४ किलोवॉटच्या आत. प्रवाह ३ लिटर असता तर फक्त ३० अंशांची घट होऊनही अडीच किलोवॉट बाहेर गेली असती. पाइप गरम लागला असता आणि गिअरबॉक्स निवला असता.

समोरचे पर्याय

गॅरेजने सुचवलेला पहिला पर्याय बॉक्स उघडण्याचा. त्याच्या बाजूने करपलेला वास सोडून काही नव्हतं. चेंबर उतरवून पाहिला तर मॅग्नेटवर राखाडी, मऊ लेप होता, जो प्रत्येक वापरलेल्या बॉक्समध्ये असतो. धातूचे कपचे नाहीत, क्लचच्या काळ्या चिंध्या नाहीत. हा पर्याय मी बाजूला ठेवला, कायमचा नाही.

मालकांचा जीव दुसऱ्यावर होता: आणखी मोठा, पंखा असलेला कूलर. पण पोहोचतच नसलेल्या ऑइलसाठी मोठा कूलर म्हणजे नळाला पाणी नसताना मोठी बादली आणणं. तिसरा पर्याय ओझं कमी करून, खेपा वाढवून दिवस काढण्याचा. त्याला मी ठाम नकार दिला. अनेक ऑटोमॅटिक बॉक्समध्ये कूलरमधून परतणारं ऑइलच पुढे आतल्या बुशिंग आणि गिअरना वंगण म्हणून जातं. प्रवाह कमी म्हणजे नुसती उष्णता नव्हे, तर वंगणाचीही उपासमार.

राहिला चौथा: अडथळा नेमका कुठे आहे ते शोधायचं.

त्यात निर्णयाची एक अवघड जागा आली. मालकांना दोन दिवस गाडी कामावर हवी होती. ट्रेलर अजिबात जोडायचा नाही आणि आकडा १०० ला गेला की थांबायचं, या अटीवर मी ती दिली. गाडी ठीक परत आली. तरी आज विचारलं तर मी देणार नाही.

अडथळा सापडला तो असा

ऑइलची वाट तुकड्यातुकड्याने तपासली. ते आधी रेडिएटरच्या टाकीतल्या मूळ कूलरमधून जातं, तिथून रबरी होजने पुढे लावलेल्या जादा कूलरमध्ये आणि मग परत. जादा कूलर वगळून फक्त रेडिएटरमधून वाहू दिलं तेव्हा २० सेकंदांत ९८० मिलिलिटर आलं. जादा कूलर आणि त्याचे होज जोडले की पुन्हा २४०.

होज बाहेरून ठणठणीत दिसत होते. क्लॅम्प नीट, गळती नाही, कुठे मुरगळलेलं नाही. पण रेडिएटर आणि जादा कूलर यांच्यामधला होज बोटांत दाबला तेव्हा तो भिजलेल्या स्पंजासारखा लागला. काढून चाकूने उभा चिरला. आतलं अस्तर फुगून सुरकुतलेलं, दोन ठिकाणी भिंतीपासून सुटून पडद्यासारखं लोंबत होतं. पेन्सिल जावी एवढ्या बोगद्यात काडेपेटीतली काडी जेमतेम गेली असती.

बाहेरच्या बाजूला, मळाखाली, छापलं होतं: हीटर होज.

कूलंटच्या गरम पाण्यासाठी बनवलेले हे होज सहसा ईपीडीएम रबराचे असतात. पाणी आणि ग्लायकॉल ते वर्षानुवर्षं सोसतात, पण खनिज तेल लागलं की फुगून मऊ होतात. व्यास जुळला म्हणून कुणीतरी हाताशी होता तो लावला. तीन आठवडे गाडी बरी का चालली आणि मग हळूहळू का बिघडत गेली, याचा उलगडा त्या चिरलेल्या तुकड्यात होता. तापू नये म्हणून केलेला इलाजच तिला तापवत होता.

केलेली कामं

ट्रान्समिशन ऑइलसाठी मान्य असलेले नवे होज घातले, वळणं मोठी ठेवली, बंपरच्या पट्टीला घासणारी जागा बदलली. जादा कूलरच्या तोंडाशी रबराच्या चिंध्या अडकलेल्या मिळाल्या. फ्लश करून तो वाचवावा का, यावर थोडा खल झाला. त्याचे आतले मार्ग इतके बारीक होते की पूर्ण साफ झाला असं मी छातीठोकपणे सांगू शकलो नसतो, म्हणून त्याच मापाचा नवा बसवला. मोठा नाही.

कूलर ओलांडून काही कण बॉक्सकडे गेले असतील, या भीतीने परतीच्या लाइनवर तात्पुरता मॅग्नेट असलेला फिल्टर घातला आणि तो काढायची तारीख जॉबकार्डावर लिहिली. विसरलेला फिल्टर पुढे स्वतःच अडथळा होतो.

ऑइल दोनदा बदललं. चेंबर सोडला तरी कन्व्हर्टरमधलं ऑइल तसंच राहतं, एका वेळी फार तर अर्धं निघतं. म्हणून एकदा लगेच आणि दुसऱ्यांदा सुमारे ५०० किलोमीटरनंतर.

चालवण्याबद्दल मालकांशी वेगळं बोलणं झालं. गाडीला टो/हॉल मोड, म्हणजे ओझं ओढताना लावायचा मोड, आहे हे त्यांना माहीत होतं. "पण त्यात इंजिन ओरडतं, पेट्रोल जास्त जातं," म्हणून ते वापरत नसत. मी त्यांना शेजारी बसवून तीच चढण दोनदा चढलो, एकदा मोडशिवाय, एकदा मोड लावून आणि चौथा गिअर धरून. दुसऱ्या वेळी त्यांचे डोळे स्कॅनरवरून हलले नाहीत.

परिणाम

दुरुस्तीनंतर गरम ऑइलवर २० सेकंदांत ९४० मिलिलिटर. त्याच चढणीवर, तेच यंत्र घेऊन, टो/हॉलमध्ये सर्वात वरचा आकडा १०३. माथा ओलांडल्यावर सहा मिनिटांत ९१. मोड न लावता तो ११० पर्यंत गेला, पण सपाटीवर तसाच निवला. परतीचा पाइप आता हात धरवत नाही इतका गरम असतो.

दुसऱ्या बदलाच्या वेळी ऑइल लाल आणि स्वच्छ होतं. तात्पुरता फिल्टर कापून पाहिला, त्यात रबराचे पाच-सहा काळे कण निघाले. तो काढून लाइन सरळ जोडली. इशाऱ्याचा दिवा त्यानंतर लागलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

प्रवाहाची चाचणी मी पहिल्याच तासात करायला हवी होती. तिला एक भांडं आणि दुसरा माणूस लागतो, बस. मी आधी ट्रेलर घेऊन चढणीवर गेलो आणि आधीच करपत आलेलं ऑइल पुन्हा ११९ पर्यंत तापवलं. लॉकअपची नोंद त्यातून मिळाली हे खरं, पण क्रम उलटा असता तर ती फेरी मी नव्या होजवर केली असती.

"तक्रार सुरू होण्याआधी गाडीत काय बदललं?" हा प्रश्न मी विचारला होता आणि मालकांनी "कूलर बसवला" असं उत्तरही दिलं होतं. मी ते इलाज म्हणून ऐकलं, बदल म्हणून नाही. होजवरची अक्षरं पुसून वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं.

आधीच्या गॅरेजला दोष देणं सोपं आहे. पण कोमट पाइपाने मलाही फसवलं, आणि त्यांच्याकडे चढणीची नोंद नव्हती.

आणि टायरचं अजून भिजत घोंगडं आहे. पहिल्या १०८ च्या मागे होज नव्हता, तो तेव्हा लागलाही नव्हता. मोठ्या टायरमुळे ३.७३ रेशोचा डिफरन्शियल (चाकांआधीची शेवटची गिअरजोडी) ३.४३ असल्यासारखा वागतो, चाकांवरचा जोर ८ टक्क्यांनी कमी पडतो, आणि म्हणून पाचव्या-चौथ्याची ती येरझार. मूळ मापाचे टायर घाला किंवा डिफरन्शियलचा रेशो बदला, असं मी लिहून दिलं. मालक म्हणाले, टायर झिजू देत, मग बघू. तोवर स्पीडोमीटरवर ६० दिसतात तेव्हा गाडी ६५ ने धावत असते, हेही जॉबकार्डावर लिहून ठेवलंय.